हलूनका आणि पांढरी छत्री

गल्लीत त्याला सगळे हलूनका म्हणत. मोठी माणसं तोंडावर काका आणि पाठीमागे हलूनका म्हणत, पोरं तोंडावरही हलूनका काका म्हणत. त्याला त्याचा राग नव्हता. ज्या माणसानं उभा जन्म लोकांना स्टुलावर बसवून "मान सरळ, हनुवटी खाली, हलू नका" एवढंच सांगितलं, त्याला लोक दुसरं काय म्हणणार?

कोपऱ्यावर त्याचा स्टुडिओ होता. चिंचोळी खोली, मागे पडदा, मधे गोल स्टूल आणि दिव्याला जोडलेली पांढरी छत्री. त्या छत्रीवर त्याचा भारी जीव. दिव्याचा झोत तिच्यात शिरला की मऊ होऊन चेहऱ्यावर उतरायचा आणि महाचिडका माणूससुद्धा कुणीही जावई करून घ्यावा असा दिसायचा. पासपोर्ट फोटोचे नियम त्याला तोंडपाठ होते. दोन्ही कान दिसले पाहिजेत, कपाळावर केस नकोत आणि चेहऱ्यावर सावली नको. त्यातला शेवटचा नियम तर त्याच्या अंगातच मुरला होता. कुणाच्या लग्नात जेवायला बसला आणि समोरच्या पाहुण्याच्या तोंडावर खांबाची सावली पडलेली दिसली, की हा घास तसाच ठेवून उठायचा आणि पाहुण्याची खुर्ची सरकवायचा. पाहुणा बिचारा आपलं काय चुकलं म्हणून बघत राहायचा. हललेला फोटो मात्र हलूनकानं कधी गिऱ्हाइकाच्या हाती दिला नाही. तो तिथल्या तिथे फाडायचा आणि परत स्टुलाकडे बोट दाखवायचा.

मग लोकांच्या खिशात फोन आले आणि फोनात कॅमेरे. स्टुडिओत माश्या मारत बसायची वेळ आली. शेवटी एक दिवस त्यानं शटर खाली ओढलं, कॅमेरा, स्टँड आणि छत्री घरी आणली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी खुर्ची टाकून बसला. बसला तो बसलाच. जेवायला हाक मारली की जेवायचा, चहा पुढे आला की प्यायचा, आणि परत खिडकी.

बायकोला ते बघवेना. ती प्रसूतीच्या वॉर्डात नर्स होती. निवृत्त झाली तरी गल्ली तिला सिस्टरच म्हणायची, आणि ती रागावलेली असली की नवराही. एका सकाळी भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "अहो, खिडकीत बसलाच आहात तर बाहेर तरी बघा. ती खार रोज येते कठड्यावर. तिचा काढा की फोटो. तिला पासपोर्ट नाही लागायचा, पण एखादीला हौस असते."

त्यानं नुसतंच 'हं' केलं. पण दुपारी कपाटातून कॅमेरा निघाला.

खारीनं त्याची चांगलीच जिरवली. आठवडाभरात त्याच्याकडे शेपटाची टोकं जमली, रिकामे कठडे जमले आणि एक फोटो असा, की ज्यात खार होती पण डोकं चौकटीबाहेर. "अगं, ही ऐकतच नाही," त्यानं तक्रार केली. "काय सांगता काय तिला?" सिस्टरनं विचारलं. तो कॅमेऱ्याची काच पुसायला लागला, कारण खिडकीआडून तो खरोखरच "हलू नका" म्हणत होता.

हळूहळू त्याला कळलं, की इथे आपण सांगायचं नसतं, आपण थांबायचं असतं. तो थांबायला शिकला. पहाटे उठून जवळच्या बागेत जाऊ लागला. तळ्याकाठी खंड्या सूर मारायचा, सांडपाण्याच्या पाइपातून मुंगसाची मादी पिल्लांची रांग घेऊन निघायची, मोठ्या झाडावर वटवाघळं उलटी लटकून एकमेकांशी कचाकचा भांडायची. कपडे मळायला लागले, गुडघ्यांना माती लागायला लागली. घरी आला की सिस्टरला सगळं साग्रसंगीत सांगायचा. खिडकीतला मुका माणूस बोलता झाला म्हणून ती कपडे धुताना कुरकुर करायची नाही.

बागेच्या व्यवस्थापक बाईंनी ते फोटो पाहिले आणि त्यांच्या डोक्यात कल्पना आली. बागेच्या दारात एक मोठा फलक लावायचा, 'आपले शेजारी' नावाचा. घराच्या आसपास आणि बागेत दिसणारे पक्षी आणि प्राणी, सगळे फोटो हलूनका काकांचे. "मधला मोठा चौकोन रिकामा ठेवते, काका," बाई म्हणाल्या. "तिथे काहीतरी झकास हवं. बघणारा थबकला पाहिजे."

त्या दिवशी तो घरी आला तो दोन पायऱ्या एकदम चढत. आपण मोडीत निघालेलो नाही, एवढंच त्याच्या मनात घोळत होतं. सिस्टरनं ते त्याच्या चपला काढण्यावरूनच ओळखलं.

झकास गोष्ट घरातच होती. सिस्टरनं गॅलरीच्या गजांवर एक वेल वाढवला होता. एवढीशी काडी आणून लावली होती तिनं, आता त्याची दाट भिंत झाली होती. त्या भिंतीत बुलबुलाच्या जोडीनं वाटीएवढं घरटं बांधलं आणि त्यात तीन पिल्लं निघाली. अंगावर पीस नाही, डोळे मिटलेले, नुसत्या चोची. सिस्टरनं जाहीर केलं, "गॅलरीत कपडे वाळत घालायचे नाहीत. मोठ्यानं बोलायचं नाही. आणि वेलाला कुणी हात लावायचा नाही." 'कुणी' म्हणजे कोण ते घरात दोघंच असल्यामुळे स्पष्ट होतं.

हलूनकानं दाराआड कॅमेरा लावला. आईबाप आळीपाळीनं यायचे, किडा भरवायचे आणि उडायचे. फोटो येत होते, पण एक पान आडवं येत होतं. बरोबर आईच्या डोळ्यावर त्याची सावली पडायची. त्यानं कॅमेरा वर घेतला, खाली घेतला, स्वतः स्टुलावर चढला. सावली हटेना. दोन दिवस तो त्या सावलीकडे बघत होता आणि त्याचे हात शिवशिवत होते.

तिसऱ्या दिवशी सिस्टर बाजारात गेली. बुलबुलही दूर उडालेले. त्यानं ड्रॉवरमधली कात्री घेतली आणि आडवं येणारं पान कापलं. मग शेजारचं, मग त्याच्या मागची एक फांदी, कारण आता तिची सावली दिसायला लागली होती. त्याच्या लेखी तो फक्त गिऱ्हाइकाच्या कपाळावरचे केस मागे सारत होता. हे त्यानं आयुष्यात हजारदा केलं होतं आणि कुणाचं कधी वाकडं झालं नव्हतं.

आई आली. ऊन थेट तिच्या चेहऱ्यावर. डोळ्यात चमक, चोचीत हिरवी अळी, खाली तीन उघड्या लालभडक चोची. त्यानं बटण दाबलं. असा फोटो त्यानं जन्मात काढला नव्हता. आनंदाच्या भरात त्यानं स्वतःच्या हातानं चहा टाकला, आणि दूध वर येईपर्यंत गॅलरीत एकच कालवा उठला. तो धावला. बुलबुलाची जोडी जिवाच्या आकांतानं ओरडत घिरट्या घालत होती आणि एक कावळा समोरच्या गच्चीवर जाऊन बसला होता. त्याच्या चोचीत काहीतरी होतं. घरट्यात दोन पिल्लं उरली होती.

पिशवी घेऊन सिस्टर गॅलरीच्या दारात उभी राहिली. तिनं मागे ओट्यावर उतू गेलेलं दूध पाहिलं, त्याच्या हातातला कॅमेरा पाहिला, वेलाला पडलेलं खिंडार पाहिलं. त्यानं कॅमेऱ्यातला फोटो तिच्यापुढे धरला. तिनं तो बघितलाच नाही.

"बाळंतिणीच्या खाटेपुढचा पडदा काढतं का हो कुणी?" ती एवढंच म्हणाली.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. त्यानं जमिनीवरच्या फांद्या उचलल्या आणि दोऱ्यानं परत बांधून बघितल्या, पण पानं हातातच मान टाकत होती. ऊन वाढत चाललं. दोन्ही पिल्लं चोची उघडून धापा टाकू लागली. त्याला पहिल्यांदा वाटलं भूक लागली असेल. सिस्टर म्हणाली, "भूक नाही ती. उकडतंय त्यांना. तासाभरात भाजून निघतील."

तो खोलीत गेला आणि छत्री घेऊन आला.

जन्मभर जी छत्री त्यानं चेहऱ्यावर उजेड पाडायला वापरली, ती आता उजेड अडवायला निघाली होती. घाईघाईनं तो ती थेट घरट्यापुढे उभी करायला गेला, तसं सिस्टरनं त्याचं मनगट धरलं. "एकदम जवळ नको. आई घाबरली तर परत यायची नाही. आधी त्या कोपऱ्यात ठेवा. तिला बघू दे, ओळखीची होऊ दे, मग सरकवा." वॉर्डात नव्या आयांना ती जसं सांगायची तसंच सांगत होती, आणि तोही पहिलटकरणीसारखा ऐकत होता.

छत्री कोपऱ्यात उभी राहिली. दोघं दाराआड बसली. आई चोचीत किडा घेऊन तारेवर आली, छत्रीकडे बघितलं आणि उडून गेली. परत आली, परत गेली. एका पिल्लानं मान वाटीच्या काठावर टाकली. "सिस्टर," तो कुजबुजला, "मी मारलं गं त्यांना." तिनं त्याचा हात हातात घेतला. मग आई तारेवरून उतरली, गजावर बसली, उड्या मारत मारत घरट्यापाशी गेली आणि किडा भरवला. ती उडाल्यावर त्यानं छत्री वीतभर पुढे सरकवली. ती पुन्हा आली. पुन्हा वीतभर. सूर्य डोक्यावर यायच्या आत छत्रीची सावली पिल्लांवर पडली होती.

आता कॅमेऱ्यातून बघितलं तर नुसतं पांढरं कापड दिसत होतं. तो कॅमेरा बाजूला ठेवून कावळ्यावर पहारा द्यायला बसला. दिवसाउजेडी एकाआड एक, कधी तो, कधी सिस्टर. जेवण दाराआड, चहा दाराआड. कावळा कठड्यावर येऊन छत्रीकडे मान वाकडी करून बघायचा, की त्याला हाकलायला हा खोकायचा. गल्लीत बोभाटा झाला की काकांना खोकला लागलाय.

बागेतून फोन आला. "काका, मधला चौकोन रिकामाच आहे. मिळाला का झकास फोटो?"

झकास फोटो कॅमेऱ्यात होता. पाठवला असता तर बघणारे नुसते थबकले नसते, खिळून उभे राहिले असते. "नाही मिळाला, बाई," तो म्हणाला. सिस्टरनं वळून पाहिलं. फोन ठेवल्यावर तो तिला म्हणाला, "त्यात तीन आहेत गं." तिनं ओट्याकडे वळून त्याच्यासाठी चहा टाकला.

पिल्लांना पिसं फुटली, डोळे उघडले, वाटीत जागा पुरेना. आणि एका सकाळी मोठं पिल्लू उडी मारून सरळ छत्रीच्या काठावर जाऊन बसलं. मागोमाग धाकटं, तेच मान टाकलेलं, धडपडत वर आलं, घसरलं, परत चढलं. आई समोरच्या झाडावरून बोलावत होती. हलूनकानं कॅमेरा उचलला. धाकट्यानं पंख पसरले आणि झेप घेतली, त्याच क्षणी ह्यानं बटण दाबलं. डोळ्यांत पाणी होतं, हात लटलटत होते. धाकटं झाडावर पोचलं. सिस्टरनं पदरानं डोळे पुसत टाळी वाजवली आणि गॅलरीत मोठ्यानं न बोलायचा नियम पहिल्यांदा तिनंच मोडला.

फोटोत छत्रीची पांढरी कड होती आणि तिच्यावरून निघालेला एक तपकिरी फराटा. चोच नाही, डोळा नाही. सिस्टर बघून हसायला लागली. "जगाला हलू नका सांगितलं आणि स्वतःच हललात की हो!" त्यानं तो फोटो फाडला नाही. मोठा करून घेतला आणि गुंडाळी काखेत मारून बागेत गेला. सिस्टरही बरोबर गेली.

बाईंनी तो टेबलावर पसरला, चष्मा लावला, काढला, परत लावला. "काका, राग मानू नका, पण हा हललाय."

"हो. हललोच मी," तो म्हणाला, आणि त्यानं कात्रीपासून खोकल्यापर्यंत सगळं सांगितलं. गेलेल्या पिल्लाचंही सांगितलं. ते वाक्य सिस्टरनं पूर्ण केलं. बाई ऐकत राहिल्या. मग त्यांनी फोटो फलकाच्या मधल्या चौकोनात धरून पाहिला.

"लावू या," त्या म्हणाल्या. "पण लोक विचारतील, हे काय आहे म्हणून. खाली काय लिहायचं?"

बाकीच्या फोटोंखाली खार, खंड्या, मुंगूस अशी नुसती नावं होती. हलूनकानं थोडा विचार केला आणि तिकीट काढायला आलेल्यांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलं, "लिहा, घरट्यापुढचं पान कापू नका. चेहऱ्यावर सावली असू द्या."