मला खुर्ची देऊन फसवलं

इंदापूर तालुक्यातल्या एका उपसा सिंचन संस्थेच्या चेअरमननी मला फसवलं. त्यांनी माझा एक रुपया बुडवला नाही की एक खोटा कागद केला नाही. त्यांनी मला मान दिला. सहा वेळा दिला. त्या मानापायी इंदापूरची एजन्सी माझ्या हातून गेली.

बारामतीत माझं मोटारी आणि पंपांचं दुकान आहे. शाळा नववीत सुटली. धंदा हमालीपासून शिकलो. ही गोष्ट नव्वदीतली. कंपनीने मला सांगून ठेवलं होतं, इंदापूर तालुका हवा असेल तर तिथली एक मोठी ऑर्डर आणून दाखवा. उजनीच्या काठावरच्या या संस्थेला चार मोठे पंप घ्यायचे होते. उपसा सिंचन म्हणजे खालचं पाणी पंपाने उचलून वरच्या रानात न्यायचं. चार पंप विकले की तालुका माझा, असा सरळ हिशेब होता.

चेअरमन म्हणजे भिवा आबा. तरुणपणी मेंढरं राखली, मग ऊस लावला. त्यांच्या विहिरीवरची पहिली मोटार माझ्याच दुकानातली. मला ते ‘मोटारवाल्या’ म्हणायचे आणि मागेपुढे एखादी शिवी लावायचे. संस्थेचा सचिव दत्ता, माझा सख्खा मावसभाऊ. ऑर्डर खिशात आहे असं धरूनच मी चाललो होतो.

कंपनीचे एरिया मॅनेजर देसाई पुण्याहून यायचे. त्यांनी आम्हा डीलर लोकांना छापील फॉर्म दिले. प्रत्येक भेटीनंतर ‘कस्टमर रिस्पॉन्स’च्या रकान्यात लिहायचं, वॉर्म की कोल्ड.

"कोल्ड म्हणजे नेमकं काय?" मी विचारलं.

"इंग्रजीत म्हणतात, त्याने मला कोल्ड शोल्डर दिला. थंड खांदा. तुम्ही गेलात तर माणूस मान वर करत नाही, बसा म्हणत नाही, पत्राला उत्तर देत नाही."

"त्याला दुसरं काम असेल."

"मग तो कोल्ड शोल्डर नव्हे. हे मुद्दाम करायचं असतं. तू मला नकोस, हे न बोलता कळवायचं."

"आणि माणूस गोड बोलला, पण आपलं कोटेशन बघेना, तर?"

"तेही बसतं. माणसाला देतात तसा एखाद्या प्रस्तावालाही कोल्ड शोल्डर देतात."

मला तो शब्द भयंकर आवडला. आठवडाभर वापरून पाहिला. समोरच्या हार्डवेअरवाल्याला दिला. कोऱ्हाळ्याचं एक गिऱ्हाईक फार घासाघीस करत होतं, त्याला दिला. पण मला ते जमेना. दोन मिनिटं गप्प बसलो की माझं डोकं तापतं आणि मी भांडायला लागतो. भांडलो की गिऱ्हाईक खुलतं आणि सौदा होतो. इंग्रजांनी गप्प बसून एवढं राज्य कसं केलं, मला कोडंच आहे.

पंपांसाठी मी आबांकडे पहिल्यांदा गेलो, तेव्हा दत्ता उठून उभा राहिला. "या, साहेब." त्याने लोखंडी खुर्ची फडक्याने पुसली आणि संस्थेच्या व्हरांड्यात मांडली. आबा बाहेर आले, हात जोडले.

"या, बसा. प्रवास नीट झाला ना?"

मला जरा गंमत वाटली. एरवी ‘मेलास का वाटंत?’ असं विचारणारा माणूस. पण संस्थेचा मोठा व्यवहार आहे, म्हातारा रीतीने वागतोय, असं मी समजलो. चहा कपबशीतून आला, बशीत दोन बिस्किटं. कोटेशन आबांनी दोन्ही हातांनी घेतलं. "आपला विचार अवश्य करू," म्हणाले. मी फॉर्मवर लिहिलं, वॉर्म.

दुसऱ्या भेटीला बिस्किटं चार झाली. चौथ्या भेटीला दत्ताने टेबलफॅन माझ्याकडे फिरवला आणि स्वतः घाम पुसत बसला. पाचव्या भेटीला नारळ मिळाला. तेव्हा मी ‘व्हेरी वॉर्म’ लिहिलं. एवढा मान मिळतोय तर रेट कशाला उतरवू? मी एक पैसा कमी केला नाही. माझे फॉर्म वाचून देसाईंनी चारही पंप पुण्याहून माझ्या गोडाऊनला पाठवून दिले.

सहाव्या भेटीला मी शिवा मिस्त्रीला बरोबर नेलं. शिवा कऱ्हाटीचा, माझ्याकडचा जुना मेकॅनिक. मी खुर्चीवर बसलो. शिवाला बघून आबा आतूनच ओरडले, "शिव्या, भाड्या, तिकडं काय उभा ऱ्हायलाय? हितं ये!" तो आत गेला. तासाभराने मिशी पुसत बाहेर आला. परतीच्या वाटेवर तो मागे बसून ढेकर देत होता.

"काय रे, जेवलास?"

"व्हय. मटणाचा रस्सा, भाकरी. आबांसंगं घोंगडीवर बसून. लई शिव्या दिल्या मला, मोटार ल्येट दुरुस्त केली म्हणून. तुमाला काय दिलं?"

"चहा. कपबशीत."

शिवाने मिशी पुन्हा एकदा पुसली. मग म्हणाला, "शेठ, तुमची आर्डर गेली."

मी मोटारसायकल थांबवली.

"आबा तुमास्नी साहेब म्हणत्यात. खुर्ची देत्यात. उंबऱ्याच्या आत घेत न्हाईत. आमच्याकडं नको झालेल्या पावण्याला असंच वागवत्यात. शिवी बंद झाली की समजायचं."

"पण मी काय केलं?"

"इसरला? उन्हाळ्यात फूटव्हॉल्व्ह उलटा बसला हुता त्यो?"

आठवलं. फूटव्हॉल्व्ह म्हणजे पाण्यात बुडालेल्या पाइपच्या टोकाची झडप. ती पाणी वर घेते आणि खाली सोडत नाही. आबांनी स्वतःच्या विहिरीवर ती स्वतःच्या हाताने बसवली होती, उलटी. मोटार चालू, पाणी बंद. मी आणि शिवा बघायला गेलो, त्या दिवशी पिंपळीचे त्यांचे व्याही आले होते. नव्या सोयरिकीतले. मी झडप हातात धरली आणि म्हणालो, "आबा, तुम्ही चेअरमन झालात कसे? तुम्हाला वरचं खालचं कळत नाही." व्याह्यांनी उपरण्यात तोंड घालून हसू दाबलं. आबा काही बोलले नव्हते. मला वाटलं, चालायचंच. आमचं नेहमीचंच होतं ते.

"लेकीच्या सासऱ्यापुढं बोलला तुमी," शिवा म्हणाला. "तवाच चुकलो म्हणाला असता, तर चार शिव्या खाऊन मिटलं असतं."

मी तिथूनच मोटारसायकल वळवली. व्हरांड्यात जाऊन जेवढं ओरडता येईल तेवढं ओरडलो. म्हटलं, आबा, चिडलाय तर कानाखाली मारा, हा काय बायकांच्या हळदीकुंकवासारखा पाहुणचार लावलाय! मला भांडण हवं होतं. भांडण झालं असतं तर मी सौदा वाचवला असता, रेटही उतरवला असता.

आबांनी शांतपणे ऐकून घेतलं. हात जोडले. "आपली काही तक्रार असल्यास लेखी द्यावी. दत्ताजी, साहेबांना पाणी द्या."

दत्ताने तांब्या आणला. स्टीलचा, झाकण घातलेला.

पुढच्या आठवड्यात ऑर्डर दुसऱ्या कंपनीला गेली. माझ्या गोडाऊनमधले चार पंप पुण्याला परत गेले, आणि इंदापूरची एजन्सी इंदापूरच्याच एका माणसाला मिळाली. देसाई माझे पाच फॉर्म टेबलावर पसरून बसले होते.

"पाच वेळा वॉर्म लिहिलंत तुम्ही!"

"तुमच्या इंग्रजांना चहा-बिस्किटं देऊन कोल्ड शोल्डर देता येत नाही, त्याला मी काय करू? रकाना वाढवा."

त्यांनी रकाना वाढवला नाही. मी मात्र धंद्यात तेव्हापासून एक पाळतो. गिऱ्हाईक मला घालूनपाडून बोलायला लागलं की बिल फाडायला घेतो. खुर्ची पुसायला लागलं की उठतो.

आबा आता नाहीत. त्यांचा राग मी समजू शकतो, त्यांच्या जागी मीही चिडलो असतो. माझा हिशेब दत्ताशी आहे. विहिरीवर काय झालं ते त्याला माहीत होतं. सहाही वेळा खुर्ची त्यानेच पुसली, त्यानेच मांडली. आम्ही दोघं एका ताटात जेवून वाढलो. पहिल्याच भेटीला मला कोपऱ्यात ओढून ‘गाढवा, आत जा आणि आबांचे पाय धर’ एवढं म्हणायला त्याला किती वेळ लागला असता? नोकरीची भीती होती म्हणावं, तर तो रिटायर होऊनही बरीच वर्षं झाली. दत्ता, अजून तू मला लग्नाकार्यात भेटतोस आणि पंख्याखालची जागा दाखवतोस. मला जागा नको. माझ्यासमोर बस आणि सांग, सहा वेळा तू गप्प का बसलास?