चिंचेने घासलेले ड्रॅगन

मी खोटी नाणी जमवतो आणि ते कोणापासून लपवत नाही. चिनी बादशाही काळातल्या चांदीच्या नाण्यांच्या नकला असतात त्या. एका बाजूला ड्रॅगन, दुसऱ्या बाजूला मला न वाचता येणारी अक्षरं. (खरी परवडत नाहीत. नकला परवडतात, असं माझं मत आहे; बायकोचं नाही.)

गेल्या दिवाळीत सासूबाई पुण्याहून आमच्या नेदरलँड्समधल्या रायस्वाइकच्या घरी आल्या होत्या. त्याच आठवड्यात शनिवारी जवळच्या द हेग शहरात नाणी जमवणाऱ्यांचा मेळावा होता. शेजारच्या योप आजोबांनी खटपट करून मला तिथे पहिल्यांदाच एक टेबल मिळवून दिलं होतं. माझ्या तेवीस नकला मखमलीवर झळकणार होत्या.

शुक्रवारी ऑफिसमधून आलो, तर घरात चिंचेचा वास.

"निखिलराव, लक्ष्मीपूजनाला नाणी हवीत म्हणून तुमची सगळी घासून ठेवली," सासूबाई म्हणाल्या. "किती काळी पडली होती."

ताटात पिवळेधमक तुकडे पडले होते. मुलामा जाऊन खालचं पितळ वर आलं होतं. बऱ्याच ड्रॅगनांना तोंडच उरलं नव्हतं.

"चांदी अशी पिवळी होत नाही हो. फसवलं तुम्हाला कोणीतरी."

"नाही आई, खोटी आहेत हे मला माहीत होतं."

"माहीत असून घेतलीत?"

त्यांनी माझ्या बायकोकडे, मुग्धाकडे पाहिलं. (स्थळ बघताना एवढं एकच विचारायचं राहून गेलं होतं.)

टेबल रद्द करा, असं सांगायला मी योप आजोबांना बोलावलं. ताट बघून ते बराच वेळ हसले आणि एकदम थांबले. एक नाणं पांढरंशुभ्र होतं. त्यांनी ते आमच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोललं, भिंगातून त्याची कड तपासली.

"हे खरं आहे," ते इंग्रजीत म्हणाले. "बाकी तेवीसही घेऊन या."

मेळाव्यात आमच्याच टेबलाला गर्दी. सासूबाई जरीच्या साडीत बसून मराठीतून चिंचेचं प्रात्यक्षिक देत होत्या आणि डच म्हातारे माना डोलावत होते. उत्तम मांडणीचं बक्षीस आम्हाला मिळालं. ते घेताना मी संग्राहकाच्या पारखी नजरेवर चार वाक्यं बोललो.

परतताना ट्राममध्ये सासूबाईंना विचारलं, "आई, ते चोविसावं नाणं कुठे मिळालं?"

"जेवणाच्या टेबलाच्या पायाखाली घातलं होतं कोणीतरी."

घालणारा मीच. नक्कल म्हणूनसुद्धा चालणार नाही इतकं बेकार, असं ठरवून मी ते स्वतः बाद केलं होतं.