फोनोची स्प्रिंग

दर रविवारी आमच्या पडवीत तीन फोनोवेडे, म्हणजे जुन्या ग्रामोफोनचे वेडे, जमतात. आमचे हे, नाना आणि घड्याळं दुरुस्त करणारा बाबल्या. चहा मी करते, म्हणून किस्सेही माझ्याकडेच साठतात. भांडण एकच. जुना फोनो दुरुस्त करून नवा करायचा, की आहे तसा ठेवायचा? यांचं ठरलेलं, "ओरिजनल!"

आमचा फोनो माझ्या माहेरचा. अलोऱ्याहून एसटीत मांडीवर घेऊन मीच आणला. स्प्रिंग तुटलेली, पण हे नवी घालू देत नाहीत. बोटाने रेकॉर्ड फिरवतात. त्या बोटाची माया बघावी! माझं डोकं दुखलं तर बामची बाटली सरकवतात.

*

दिवाळीला समया घासताना फोनोचा पितळी कर्णाही मी आमसुलाने घासला. लखलखीत! हे कर्ण्याकडे धावले. "अगो, इतक्या वर्षांचा रंग घालवलास!"

घासून घासून माझे हात फुटले होते. ते नाही दिसले!

*

नाना दुरुस्तीच्या बाजूचे. त्यांनी आपला फोनो पूर्णगडला होड्या रंगवणाऱ्याकडे दिला. त्याने कर्णा निळा केला, काठ लाल, आणि होडीवर लिहितात तसं नानांच्या बायकोचं नाव ठसठशीत लिहिलं!

मी जळले. "आपल्या कर्ण्यावर माझं नाव कुठाय?"

हे म्हणाले, "ओरिजनल नव्हतं."

*

मला ताप भरला, म्हणून गोधडी मागितली. हे उठले, फोनोवर पांघरलेलं धोतर नीट केलं. "हवा दमट आहे गो!"

*

पुतण्याच्या लग्नाला मी केस काळे केले. यांना आठवडाभर पत्ता नाही. नानांनी फोनोचा एक स्क्रू बदलला, तो मात्र दारातूनच ओळखला!

*

शेवटी मी पेटले. हे मासळी आणायला गेले तशी बाबल्याला बोलावून नवी स्प्रिंग घालून घेतली. चावी दिली. गाणं सुरू! सरळ, न डगमगता, माझ्या लहानपणी वाजायचं तसं.

हे दारात. मी ओरडा खायला तयार.

हे पिशवी घेऊनच फोनोपुढे बसले. सवयीने बोट पुढे केलं. रेकॉर्ड आपली आपण फिरत होती. बोट मागे घेतलं.

"छान वाजतो," म्हणाले. "आता माझं काय काम?"

दुपारी सुरमईचं कालवण असूनही भात पुन्हा मागितला नाही.

सकाळी मी बाबल्याला परत बोलावलं. "काढ ती स्प्रिंग."

"वहिनी, कालच घातली ना!"

"काढ म्हटलं ना!"

संध्याकाळी दिवा लावला, पाट घेतला आणि फोनोसमोर बसले.

"हं," मी यांना म्हटलं, "फिरवा."