डिंक की पीठ?

पोट बिघडलेली माणसं रोज समोर बसली की किस्से शोधावे लागत नाहीत, तेच नंबर लावून येतात! मी नव्वदच्या दशकात नगरला आयुर्वेदाचं एम.डी. करत होते, तेव्हाचे हे. प्रबंध जुनाट अपचनावर. औषध रुमी मस्तकी, म्हणजे एका झाडाचा वाळलेला डिंक. निम्म्या पेशंटना डिंकाच्या कॅप्सूल, निम्म्यांना नुसत्या पिठाच्या. कुणाला काय, हे त्यांनाही ठाऊक नाही आणि मलाही नाही. यादी माझ्या गाईड देशमुख मॅडमच्या कपाटात, सीलबंद. हे सगळं पेशंटना आधी सांगायचा नियम होता. झालं, संशय तिथूनच सुरू झाला.

* * *

भिंगारचे रिटायर्ड गायकवाड सर ढेकरांची डायरी ठेवायचे. "दहा चाळीस, करपट." एकदा मी हसून कॅप्सूलची डबी दिली. सर म्हणाले, "हसलात! म्हणजे मला पिठाच्या."

पुढच्या वेळी मी चेहरा गंभीर ठेवला.

"आज वाईट वाटतंय ना तुम्हाला? म्हणजे पिठाच्याच!"

* * *

नगर जिल्ह्यातल्याच अकोले गावाकडून एक नवरा-बायको जीपने यायचे. दोघांनाही अपचन. त्यांनी दोघांच्या डब्या एका बरणीत ओतल्या!

"ताई, एकाला समद्या खोट्या येन्यापरीस दोघांला निम्म्या तरी खऱ्या!" बाई म्हणाल्या.

प्रबंधातले दोन पेशंट बाद झाले. मी रडायच्या बेतात, आणि ती दोघं खूश.

* * *

तिसगावचे बबनराव म्हणजे संशयाचा कळस. बारा वर्षं पोटाने छळलेला माणूस. घरी ऊद घालतात त्या निखाऱ्यावर त्यांनी कॅप्सूल फोडून टाकली, आणि भरल्या ओपीडीत जाहीर केलं, "डिंक म्हंजी वास दरवळाया पायजे का न्हाई? करपल्या भाकरीवानी वास सुटला की!"

बाकावरच्या सगळ्यांनी ऐकलं. आठवड्याभरात घरोघरी निखारे पेटले, आणि सगळ्यांची तक्रार एकच. करपलेली भाकरी! गायकवाड सरांनी तर डायरीत वेळसुद्धा टाकली.

आता संशय मला आला. सगळ्यांनाच पीठ कसं? दोन वर्षांची मेहनत होती हो, मी तडक मॅडमकडे गेले.

* * *

मॅडमनी यादीचं सील फोडलं. कॅन्टीनमधून पेटती शेगडी मागवली. आधी पिठाची कॅप्सूल टाकली, भाकरी करपली. मग डिंकाची टाकली. तीही भाकरीच! सप्लायरने दोन्हीकडे पीठच भरलेलं. माझा प्रबंध तिथेच संपला होता.

तेवढ्यात बबनराव दारात आले, नाक वर करून त्यांनी वास घेतला.

"मी म्हनलं हुतं ना, पीठ हाय!"

मला मान वर करवेना. कसंबसं म्हटलं, "चुकलं आमचं, बबनराव. आता दुसरं औषध देते."

"दुसरं? छ्या! बारा वर्सात पयल्यांदा वांग्याचं भरीत पचलंय, ताई. पीठ तर पीठ, पर मला डबी हीच पायजे!"