प्लॅस्टिकच्या बरणीतली कोरी कड

मला आमच्या लॅबमधल्या मावशींच्या कामाची किळस येते, हे आधीच सांगून टाकतो. जनावरांच्या कातडी-हाडांपासून काढलेलं जिलेटिन तापवायचं, त्यात नाकात झोंबणारं आंबूस रसायन ओतायचं, नायट्रोजनचे बुडबुडे सोडून आतली हवा हाकलायची आणि ते गिळगिळीत प्रकरण काचेच्या फ्लास्कमध्ये काठोकाठ भरून बूच ठोकायचं. बावीस वर्षं बाई हेच रांधतायत. त्यांची सून त्यांचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवते आणि मी तिला बोल लावत नाही.

पण त्या घाणीचा उपयोग मोठा. कॅन्सरवर उपचार करणाऱ्या मशीनचे किरण या जेलवर सोडले, की जिथे डोस पडतो तिथे ते दुधाळ होतं. मग मी एमआरआयमध्ये त्याचा फोटो काढतो. किरण कुठे किती पडतील, हे पेशंटला झोपवण्याआधीच कळतं.

यंदा आमच्या विभागप्रमुख सरांना मानेतल्या गाठीवर किरण सोडण्याचा आपला नवा प्लॅन परिषदेत मिरवायचा होता. त्यांनी मानेच्या आकाराच्या प्लॅस्टिकच्या बरण्या मागवल्या.

"सर, प्लॅस्टिकमधून हवा शिरते," मावशी म्हणाल्या. "हवा लागली की डोस पडूनही जेल पांढरं होत नाही. कड कोरीच राहील."

"मावशी, तुम्ही फक्त ढवळा."

फोटोत कड कोरीच आली. सर हरखले. मधल्या गाठीवर भरपूर डोस आणि मागच्या कडेला, मज्जारज्जूच्या जागी, चक्क शून्य!

मावशींनी जेवण सोडून तसंच जेल काचेत भरलं. दुसऱ्या दिवशी मशीनवाल्याच्या हातापाया पडून तेच किरण त्यावर सोडून घेतले. या वेळी फोटोत पांढरेपणा थेट काचेला भिडला होता. म्हणजे खऱ्या माणसाचा मज्जारज्जू जळाला असता, हातपाय कायमचे गेले असते.

आम्ही दोघं सरांकडे गेलो. दोन्ही फोटो पाहून त्यांचा चेहरा पडला. वाटलं, आता तरी... छे!

"हा दुसरा कपाटात ठेवा. परिषद झाली की बघू. आपण कुठे पेशंटवर वापरतोय?"

जिलेटिनपेक्षा जास्त किळस मला या वाक्याची आली. तरी मी मान डोलावली, हेही सांगायला हवं. थू आमच्या नोकरीवर!

परिषदेत टाळ्या पडल्या. तिसऱ्या दिवशी लॅबमधला फोन वाजला. मी स्पीकर लावला. परगावचे एक डॉक्टर बोलत होते.

"सरांना सांगा, त्यांच्या फोटोवर भिस्त ठेवून आम्ही तोच प्लॅन घेतोय. उद्या सकाळी पहिली पेशंट. दोन लहान मुलांची आई आहे."

सर दारातच उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघून मानेनेच 'नाही' म्हटलं. मी फोनपासून एक पाऊल मागे सरकलो.

हात धूत असलेल्या मावशी तशाच ओल्या हाताने पुढे आल्या आणि त्यांनी रिसिव्हर उचलला.

"डॉक्टर, जेल मी बनवते. त्या बाईंना मशीनवर घेऊ नका. तो फोटो खोटा आहे."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"माझ्यावर विश्वास नका ठेवू. सर इथंच आहेत, त्यांच्याच तोंडून ऐका," मावशी म्हणाल्या आणि त्यांनी रिसिव्हर सरांच्या तोंडाशी धरला.