आईचं काहीतरी

माझी भाची शिवणकाम करते. ती चार वर्षांची असताना तिची आई, म्हणजे माझी थोरली बहीण, पोटाच्या कॅन्सरने गेली. पोरगी हुबेहूब बापावर गेलेली. नाक त्याचं, रागही त्याचाच. गिऱ्हाइकाचं माप घेता घेता आरशात स्वतःला न्याहाळायची. "मावशी, माझ्यात आईचं काहीच कसं नाही गं?"

यंदा माझा भाऊही त्याच दुखण्याने गेला, म्हणून हिचं रक्त तपासलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जनुकात दोष आहे, आईकडून आलेला. कॅन्सर व्हायच्या आत जठर काढून टाकू."

मला रडूच फुटलं. ही मात्र विचारते, "जठर काढलं तरी आईचा तो दोष माझ्यात राहील ना?"

"राहील. तो अंगभर असतो."

"मग खुशाल काढा."