बेबीताईचा प्रचार

आमच्या गावात प्रचार म्हटलं का लोकाईले इलेक्शन आठवे. आता तो शब्द आयकला का मी पयले दाराकडे पायतो.

माही सासू पार्वताबाई लकव्यानं खाटीवर पडली. मोतीबिंदूनं दिसणं तर आधीच गेलं होतं. तवापासून बाळापूरहून बेबीताई येत जाय. ख्रिश्चन बाई, पयले दवाखान्यात आया होती. म्हातारीचं हागणं-मुतणं, पाठीवरची जखम, सारं तीच पाहे. मले तर वासानंच मळमळे, खोटं काहून बोलू?

एक दिवस सयपाकघरात चहा पिता पिता मी इचारलं, "ताई, तुमी तुमच्या देवाचं काहून नाई सांगत?"

ती हासली. "आमचे एक संत होते, फ्रान्सिस नावाचे. चेल्याले म्हणे, चाल, गावात प्रचार करू. सारं गाव फिरले, कोनाचं ओझं उचललं, कोनाले पाणी पाजलं, अन वापस आले. चेला म्हणे, प्रचार कधी करता? संत म्हणे, झाला न बावा."

मागच्या हप्त्यात माहा पुतण्या कुलदीप पोट्टे घेऊन अंगणात आला. बाजूच्या गावात धर्मावरून भानगड झाली होती, अन याईचं डोस्कं फिरलं होतं.

"काकू, ते बाई प्रचार करते का?"

तो शब्द माह्याच सयपाकघरात निघाला होता न! हो म्हटलं तर बाईचं काय करतीन? नाई म्हटलं अन कोनं चुगली केली तर आमचं काय? नवरा वावरात होता. आंदर बेबीताई म्हातारीचं आंग पुसून राहिली होती. तिनं सारं आयकलं, पण काम सोडलं नाई.

"करते," माह्या तोंडून निघालं. "रोज करते. तुह्या आजीचा गू काढते. तू काढतं का? ये आंदर, पाहून घे."

कुलदीप उंबऱ्यापर्यंत आला, नाकाले रुमाल लावला अन मांगं सरला. जाता जाता म्हणे, "उद्यापासून ते दिसली नाई पायजे."

बेबीताईनं पिशवी उचलली अन बाहेर पडाच्या आधी दाराच्या फटीतून गल्ली पाहिली.

"भेव वाटते का?" मी इचारलं.

"लय वाटते वं."

"उद्या येसान न?"

"येतो."

नाई आली. मी फोन लावला, तं घरमालकानं खोली खाली कराले लावली म्हणे. बहिणीकडे अमरावतीले चालली होती. "जखम कोरडी ठेव," इतकं बोलली अन रडाले लागली. मी कुलदीपले मनातल्या मनात शिव्या देल्या. जोरानं द्याची हिंमत नोयती.

म्हातारी कण्हून राहिली होती. मी दाराले कडी लावली. पोट्टे परत आले तर, हेच डोक्यात. तरी पाणी कोमट केलं, तिले हळूच कुशीवर घेतलं अन जखम पुसाले बसली. मळमळलं, तरी हात नाई काढला.

म्हातारी म्हणे, "बेबी, आली का वं माय?"

मी हो म्हटलं.